डावा गुडघा

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा फुटला. पंधरा दिवसांतला चौथा.

दर दोनशे खोक्यांमागे एक खोकं उचलायचं, गिऱ्हाईक घरी बसेल तसं बसायचं, पुस्तिका समोर ठेवायची आणि खोक्यात दिलेल्याच पान्यांनी रिमोटची गाडी पहिल्या स्क्रूपासून जोडायची — हे माझं काम. नऊ वर्षं करतेय. जोडून झाली की कारखान्याच्या मागच्या अंगणात फळीवरून दहा उड्या. धड उतरली तर लॉट पास, नाहीतर नापास. इतकं सोपं.

आज फळीपर्यंत गेलीच नाही. पुढचं चाक ज्या तुकड्यावर वळतं त्याला आम्ही गुडघा म्हणतो. त्यातला उभा स्क्रू आवळला — दोन बोटांनी, मनगटसुद्धा न लावता — आणि कट्. तो आवाज आता कानाला पाठ झालाय.

बाकीची रड आहेच. पिशवीत बेअरिंग सात, हवीत आठ. शॉक-अब्सॉर्बरमधून तेल झिरपतं. स्क्रूंची डोकी इतकी मऊ की पाना फिरतो, स्क्रू जागचा हलत नाही. पण ते निस्तरता येतं. गुडघा गेला की गाडी बसते, माणसासारखीच.

वहीत लिहिलं — नापास.

जावई आले. मोठे साहेब आजारी पडल्यापासून कारखाना त्यांचे जावईच बघतात. त्यांच्यासमोर सगळे 'सर' म्हणतात, पाठ वळली की 'जावई'. तुकडा हातात खेळवत म्हणाले, "ताई, तुम्ही जरा जोरात पिळता का?"

नऊ वर्षं मी काय धुणं पिळत होते?

४ फेब्रुवारी, मंगळवार

फुटका गुडघा पर्समधून घरी आणला. ह्यांना दाखवला. हे त्याच कारखान्यात साच्यांचे मिस्त्री. गुडघ्याचा साचा ह्यांच्याच हातचा, सहा वर्षांपूर्वीचा.

खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माल हलका असेल," म्हणाले.

मलाही तेच वाटत होतं. दोघांचं एकमत, म्हणजे खरंच असणार. आमचं एकमत वर्षातून एकदा होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारच्या सुट्टीत मशीनच्या खोलीत गेले. तिथे फौजदार असते. अकरा वर्षं ती मशीन चालवतेय. मशीनच्या वरताण आवाज, म्हणून हे नाव. माझी कारखान्यातली एकुलती एक मैत्रीण. डबा आम्ही एकत्र खातो.

तिच्या पायाशी एक पोतं. आत काळा भुगा. साच्यातून निघालेले वाया गेलेले तुकडे दळून केलेला.

"हे काय गं?"

"भुगा. घालतो थोडा नव्या मालात. दहात एक."

"कधीपासून?"

"दिवाळखोरी सुरू झाल्यापासून," ती हसत म्हणाली. मग हळू आवाजात, "जावयांनी सांगितलंय. तोंडी. कागदावर काही नाही."

"आणि तू घालतेस?"

"मग काय करू, सत्याग्रह? दहात एक काही होत नाही गं. बघ ना, तुकडा कसा चकचकीत निघतोय."

चकचकीत निघत होता, हे खरं. पण माझ्या डोक्यात एकच — सापडलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जावयांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर जोडणीची पुस्तिका. ती मीच लिहिते, कारण जोडणारी मीच. बाविसाव्या पायरीवर बोट ठेवून म्हणाले, "इथे एक ओळ घाला, ताई. स्क्रू हलक्या हाताने आवळावा. जास्त आवळल्यास भाग फुटू शकतो, त्याची जबाबदारी जोडणाऱ्याची."

"हलका म्हणजे किती, सर? मी दोन बोटांनी आवळला."

"तेच लिहा ना. हलक्या हाताने."

"तुकडा सुधारायचा की वाक्य?"

हसले. त्यांना राग येत नाही कधी, हाच त्यांचा मोठा गुण. "ताई, किट म्हटलं की गिऱ्हाइकाचा हात आला. तयार गाडी मोडली तर कंपनी वाईट. स्वतः जोडलेली मोडली तर माणूस आधी स्वतःकडे बघतो. तक्रारी किती येतात? शंभरात चार. बाकीचे गप्प बसतात, सुटा भाग मागवतात."

सुटा भाग मागवतात. म्हणजे तोही आपल्याकडूनच. हा विचार त्यांनी माझ्याआधी केलेला दिसला.

मी म्हणाले, लिहिणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिहिली ती ओळ. माझ्या अक्षरात, माझ्या हाताने, शुद्धलेखनासकट.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज आणखी दोन फुटले. एक जोडताना, एक पहिल्याच उडीत. चाक सुटून एकटंच अंगण ओलांडून गेलं आणि भिंतीला लागून आडवं पडलं. पॅकिंगच्या बायका हसल्या. मीही हसले असते, महिन्याभरापूर्वी.

मग बसले आणि अहवाल लिहिला. पहिल्यांदाच इतका सविस्तर. कोणत्या लॉटचे किती, कुठे तडा गेला, सगळं. शेवटी लिहिलं — "नव्या मालात दळलेला भुगा मिसळला जातो, हे मी मशीनच्या खोलीत स्वतः पाहिलं आहे. भाग फुटण्याचं कारण तेच आहे."

'असावं' लिहायला हवं होतं का? 'आहे' लिहिलं. असावं-नसावं लिहिलं की जावई त्याची होडी करून सोडतात.

ह्यांना घरी वाचून दाखवला. ऐकलं. "हं" म्हणाले. पाणी प्यायले.

"बरोबर आहे ना?"

"तू तपासणीची. तुला कळतं," म्हणाले आणि अंघोळीला गेले. संध्याकाळी सातला अंघोळ!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अहवाल दिला. एक प्रत मोठ्या साहेबांच्या नावे, एक जावयांना. जावयांनी उभ्याउभ्या वाचला. शेवटची ओळ दोनदा वाचली, हे मी पाहिलं.

"छान. असंच मुद्द्याचं लिहीत जा," म्हणाले.

मला बरं वाटलं. लिहून ठेवते — मला बरं वाटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फौजदारला काढलं.

सकाळी आली, मशीन तापायला लावलं, तेवढ्यात बोलावणं. दहा मिनिटांत परत. हातात कागद. मालात प्रमाणाबाहेर भुगा मिसळून कंपनीचं नुकसान केलं. आधार — तपासणी विभागाचा अहवाल.

मी धावत केबिनमध्ये गेले. "सर, भुगा तुम्हीच सांगितला होता तिला."

"दहात एक सांगितला होता, ताई. तिने किती घातला, कोण बघायला गेलं? तुम्ही गेलात. तुम्हीच लिहिलंत."

"मी प्रमाणाबद्दल काही लिहिलं नाही."

"कारण तेच 'आहे', असं लिहिलंत."

चोर सोडून संन्याशाला फाशी — आणि दोर मी वळलेला.

ती फाटकापाशी होती. चपला बदलत होती; कारखान्यातल्या वेगळ्या, घरच्या वेगळ्या. कारखान्यातल्या तिथेच ठेवल्या, भिंतीला लावून नीट. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी काय बोलणार होते?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

डबा तसाच परत आणला.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "घेतील परत. तिच्यासारखी मशीनवर दुसरी कोण आहे?" ताटातून मान वर केली नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तक्रारीची पत्रं माझ्याकडे येतात, उत्तराचा ठरलेला मजकूर आहे. आज एक हाताने लिहिलेलं आलं. निळी शाई, एका रेषेत अक्षर. सोबत कापसात गुंडाळलेले तीन फुटके गुडघे.

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, असं लिहिलंय. दुकान बंद केलं, रिकाम्या हातांनी बसवेना, म्हणून गाडी मागवली. पहिला गुडघा फुटला तेव्हा वाटलं, घाई झाली. दुसरा मागवला, तो फुटला. तिसरा मागवला, त्यासोबत नवी पुस्तिका आली. तिच्यातली ओळ वाचली — हलक्या हाताने. श्वास रोखून आवळला. फुटला. "आपले हात आता पूर्वीचे राहिले नाहीत, हे मला या गाडीमुळे कळलं. तक्रार नाही. पुढे काही मागवणार नाही. नातेवाईक घड्याळं आणून देत असत, तीही आता परत केली."

शेवटी एक वाक्य — "सहज विचारतो, तिन्ही वेळा डावाच का फुटला असावा?"

मी पत्र घडी करून ठेवलं. पुन्हा उघडलं.

डावाच का?

२६ फेब्रुवारी, बुधवार

कपाटातले परत आलेले सगळे गुडघे टेबलावर ओतले. माझे स्वतःचे सहा, गिऱ्हाइकांचे एकोणतीस. पस्तीस.

पस्तीसच्या पस्तीस डावे.

साच्यात दोन पोकळ्या असतात, एक डाव्याची, एक उजव्याची. माल एकाच दाबात दोन्हींत जातो. एकच माल, एकच क्षण, एकच मशीन. भुग्याने फुटत असते तर उजव्याने काय पाप केलं होतं की तो फुटू नये?

महिनाभर मी समोर बसून डावा फोडत होते आणि 'डावा' हा शब्द वहीत एकदाही लिहिला नाही. घड्याळजींनी घरबसल्या विचारलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

एक डावा, एक उजवा, दोन्ही बारीक करवतीने आडवे कापले. मोजले. स्क्रूच्या भोकाभोवतीची भिंत उजव्यात दोन्हीकडे दीड-दीड मिलिमीटर. डाव्यात एकीकडे सव्वादोन, दुसरीकडे पाऊण. भोकच एका अंगाला सरकलेलं. तिकडची भिंत कागदाची राहिलेली. हलका हात काय, फुंकर घातली तरी जाईल.

भोक पाडते ती साच्यातली पिन. पोलादी, बोटभर. ती कलली की भोक कललं.

पिना बसवणारं माणूस कारखान्यात एकच आहे.

सांजवेळी दोघं एकाच रस्त्याने घरी आलो. ते नळाच्या गळतीबद्दल बोलत होते. मी "हं" म्हणत होते.

१ मार्च, शनिवार

कापलेले दोन्ही तुकडे त्यांच्या कपाशेजारी ठेवले.

त्यांनी उचललेही नाहीत. "पिन कललीये," म्हणाले.

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"तू पहिला घरी आणलास ना. त्या दिवसापासून."

मला वाटलं होतं, नाकारतील. मी भांडायला बसले होते, सगळी मापं कागदावर लिहून. ती मापं तशीच माझ्या हातात राहिली.

"नोव्हेंबरात एक तुकडा अडकला साच्यात. ठोकून काढला, पिन वाकली. नवी घासली, बसवली. मला सरळच दिसली गं. खरंच सरळ दिसली."

"मग सांगायचं होतं. चूक कुणाची होत नाही?"

"सांगितलं असतं तर मिस्त्रीला आता दिसत नाही असं झालं असतं. दीड वर्ष राहिलंय माझं."

"मी तुम्हाला अहवाल वाचून दाखवला. शब्दन् शब्द. तुम्ही हं म्हणालात."

कपाची कड बोटाने पुसत राहिले.

"फौजदारचं काय?"

"मला वाटलं, दोन दिवसांत परत घेतील."

"आणि घेतली नाही तेव्हा?"

कप उचलून आत गेले. कप विसळला, पालथा घातला. अठ्ठावीस वर्षांत मी त्यांना कप विसळताना पाहिलं नव्हतं.

आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात. इथे दात त्यांचे, ओठ माझे आणि रक्त तिसरीचंच.

२ मार्च, रविवार

घरात दोन माणसं. चार वाक्यं. त्यांतलं एक दूधवाल्याशी.

४ मार्च, मंगळवार

फौजदारच्या घरी गेले. दोन जिने, अरुंद बोळ, दारात कपडे वाळत घातलेले. एकटीच राहते. दार उघडलं, पण हात चौकटीवरच ठेवला.

"पाणी देऊ?"

"भुग्याने झालं नव्हतं गं," मी उंबऱ्यातच म्हणाले. "पिन कलली होती. ह्यांच्या हातून. ह्यांना माहीत होतं."

मला वाटलं ओरडेल. तिचा तो आवाज यावा, असंच वाटत होतं. तिचा चौकटीवरचा हात खाली आला.

आत बसलो. ती म्हणाली, "मला ना, माझंच खरं वाटेना झालं होतं. मी रोज मोजत होते, दहात एक. पण कागदावर आलं ना, तेव्हा वाटायला लागलं, असेल घातला एखाद्या दिवशी जास्त. लक्ष नसेल. तू लिहिलंस म्हणजे असेल. तू खोटं लिहीत नाहीस."

हे ऐकायला मी दोन जिने चढून गेले होते.

पाणी तिने दिलं. मी प्यायले. क्षमा वगैरे शब्द माझ्या तोंडात होता, पण तो पुस्तिकेतल्या ओळीसारखा वाटला. जबाबदारी जोडणाऱ्याची. बोलले नाही.

६ मार्च, गुरुवार

दुसरा अहवाल दिला. मापांसकट, कापलेल्या तुकड्यांसकट. "माझा पहिला निष्कर्ष चुकीचा होता. भाग फुटण्याचं कारण साच्यातली कललेली पिन आहे. मशीन चालवणाऱ्या बाईंचा काहीही दोष नाही." पिन कुणी बसवली, तेही लिहिलं. लिहिताना पेन थांबलं. मग चाललं.

आधी ह्यांना दाखवला होता. वाचून म्हणाले, "माझं नाव घालायलाच हवं का?"

"तिचं घातलं होतं का मी? तरी तिलाच लागलं ना?"

जावयांनी वाचला. खण उघडला, आत ठेवला, खण बंद केला.

"सर?"

"ताई, तयार माल चौदाशे खोकी पडलाय. तो जाऊ दे. मग पिनेचं बघू."

"आणि फौजदार?"

"तिला परत घेतलं तर आपण चुकलो असं होईल."

"चुकलोच आहोत."

"हो. पण तसं होईल."

या माणसावर चिडायचं तरी कसं. साबणासारखा आहे, मूठ आवळली की निसटतो. ह्यांचंही नाव घेतलं नाही त्यांनी. मिस्त्री लागतो. खणात अहवाल असलेला मिस्त्री तर जास्तच लागतो.

मोठ्या साहेबांकडची प्रत? "ती मीच देतो त्यांना," म्हणाले. म्हणजे पहिलीही त्यांनीच दिली असणार. किंवा नसणार.

८ मार्च, शनिवार

दुसऱ्या अहवालाची माझ्याकडची प्रत फौजदारला नेऊन दिली. म्हटलं, उपयोग काही होणार नाही.

चष्मा लावून वाचली. 'काहीही दोष नाही' यावर बोट ठेवून थांबली.

"हा कागद माझ्याकडे राहू दे," म्हणाली. "नोकरीसाठी नाही. असाच, जवळ असू दे."

मग मला जाऊ देईना. तिच्या घरात एकच खुर्ची. ती मला दिली आणि स्वतः पेटीवर बसली. जावयांची नक्कल केली — "ताई, जरा जोरात पिळता का?" — तोच गुळगुळीत सूर. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "हलक्या हाताने पूस, नाहीतर फुटशील."

१२ मार्च, बुधवार

ठरवलं. तक्रार करणाऱ्यांचे पत्ते माझ्याकडेच आहेत. एकेचाळीस.

ठरलेला मजकूर बाजूला ठेवला. कंपनीच्याच कागदावर नवा लिहिला, चार ओळी. "आपल्याकडील डावा भाग सदोष साच्यातून आलेला आहे. तो आपल्या हातून मोडलेला नाही. पुस्तिकेतील बाविसाव्या पायरीवरची सूचना चुकीची आहे. ती मीच लिहिली, त्याबद्दल दिलगीर आहे." खाली सही, हुद्दा, घरचा पत्ता.

घड्याळजींच्या पत्रात एक ओळ जास्त — "घड्याळं परत मागवून घ्या."

सगळी पोस्टात टाकली. पेटीच्या फटीतून एकेक मोजत सोडली.

१८ मार्च, मंगळवार

पोस्ट जलद निघाली. सकाळपासून केबिनमधला फोन वाजतोय. पॅकिंगच्या बायका माझ्याकडे चोरून बघतात, नजर मिळाली की पटकन खोकी मोजायला लागतात.

साडेअकराला जावई. आज प्रथमच हसले नाहीत.

"कुणाला विचारून पाठवलीत?"

"सही माझी आहे, सर. मलाच विचारून."

"घरी बसा. कळवतो."

पाने, मोजपट्टी, भिंग, चष्म्याचं घर. नऊ वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं आणि वर जागा उरली. साच्यांच्या खोलीवरून जाताना हे दारात उभे होते. पुढे झाले नाहीत. दार धरून उभे राहिले, इतकंच.

१९ मार्च, बुधवार

घर दिवसा इतकं शांत असतं, हे माहीत नव्हतं. नळ खरंच गळतो.

२२ मार्च, शनिवार

घड्याळजींचं उत्तर आलं, घरच्या पत्त्यावर. तो मी पत्रात दिला होता. दोनच ओळी. तीन घड्याळं परत आणून घेतली, एक सुरूही झालं. आभार.

पत्र ह्यांना वाचायला दिलं. वाचून गॅलरीत गेले. थोड्या वेळाने कानशीचा आवाज. कामावरून पोलादाची सळई आणली होती, टेबलाला लावायच्या छोट्या पकडीत धरून पिन घासत होते.

मी दारात उभी राहिले. म्हणाले, "जरा इकडे ये. तू बघ. माझ्या डोळ्यांवर जाऊ नकोस."

मी मोजायचं, त्यांनी घासायचं. पहिल्या चार वाया. पाचवी उन्हात धरली, काचेवर लोळवली. कुठेही उचलत नव्हती. सरळ.

"सोमवारी मोठ्या साहेबांच्या घरी जातो," म्हणाले. "जावयांना वगळून. पिनेचं सांगतो, डोळ्यांचं सांगतो. फौजदारचं, तुझं, सगळं. होईल ते होईल."

मी चहा टाकला. दोघं गॅलरीतच बसून प्यायलो. त्यांच्या बोटांना पोलादाचा काळा चुरा लागलेला, तोच कपाला लागला. पुसावासा वाटला नाही. इतक्या दिवसांनी त्यांच्या शेजारी बसून अंग सैल पडलं. माणूस घाबरतो. घाबरलेला माणूस खोटं बोलतो. पण शेवटी उठतो, जातो — असं वाटलं.

२४ मार्च, सोमवार

हे साहेबांकडे जाऊन आले. इस्त्रीचा सदरा अजून अंगात आहे.

साचा जुना झाला होता, दुरुस्त केला — एवढंच सांगितलं. फौजदारचं नाव निघालं नाही. माझं निघालं. तपासणीचं टेबल रिकामं ठेवता येत नाही, असं साहेब म्हणाले. उद्यापासून तिथे हे बसणार. हो म्हणून आलेत.

"घरातच राहिली ना जागा," म्हणाले.

फौजदारला फोन केला. तुझ्याकडे आणखी एक खाट मावेल का, विचारलं. काय झालं, कशाला, किती दिवस — काही विचारलं नाही तिने.

"पेटी सरकवते," म्हणाली. "ये."